गुडघाभर समुद्र

आमच्याकडं सोलापुरात नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं. कधी चौथ्या, कधी सहाव्या, आणि वेळेचं तर विचारूच नका, पहाटे तीनला आलं तरी उठायचं. टाकी, पिंपं, घागरी, बादल्या सगळं भरून झालं की शेवटच्या धारेवर पोरांचा टब भरतो, म्हणजे जुनं निळं पिंप अर्ध्यातनं कापून केलेला टब, आणि त्यात आमची दोन्ही कार्टी ऊन डोक्यावर येईपर्यंत डुंबतात. मागच्या उन्हाळ्यात अशाच एका पाण्याच्या दिवशी चिऊनं, वय वर्षं सहा, टबातनं डोकं वर काढून विचारलं, "पप्पा, समुद्राला पाणी रोज येतं का?"

मी म्हटलं, रोज नाही, दिवसातनं दोनदा येतं. भरती दोनदा असती ना.

ती म्हणाली, मग आपण तिथंच राहायला जाऊ.

ही हसली, आईनं "पोरगी हुशार आहे, आज्जीवर गेलीय" म्हणून स्वतःचंच कौतुक करून घेतलं, आणि विषय तिथं संपायला पाहिजे होता. पण माझ्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. माझा टॉवेलचा छोटा धंदा आहे, थोडेच माग, फार मोठं काही नाही. दुपारी लाइट गेली की खटखट बंद होते आणि करायला काहीच नसतं, तेव्हा मी मोबाईलवर बेटं बघायला लागलो. कामगार विचारायचे, शेठ काय बघलालाव एवढं? मी म्हणायचो, गिऱ्हाईक.

आता आमची मागची समुद्राची ट्रिप सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचा सगळा शहाणपणा कुठनं आला ते कळायचं नाही. त्याच्या आधीच्या वर्षी आम्ही मे महिन्यात गोव्याला गेलो होतो. सोलापुरात बेचाळीस-त्रेचाळीस होतं, म्हटलं समुद्राकाठी गार असेल. गार कसलं, नुसता चिकचिकाट. घाटात बारक्यानं तीनदा ओकून टाकलं, दोनदा माझ्या अंगावर. आणि बीचवर पोचल्यावर चिऊ धावत सुटली पाण्याकडं, मी मागनं, आणि पहिलीच लाट तिच्या छातीला लागली, ती पडली, परत जाणाऱ्या पाण्यानं पायाखालची वाळू ओढली आणि दोन सेकंद, खरंच दोनच सेकंद, मला तिचं फक्त पिवळं फ्रॉक दिसलं. हात धरून उचलली. काही झालं नाही. पण पुढचे तीन दिवस ती वाळूत पाण्याकडं पाठ करून बसली आणि आम्ही नवरा-बायको एकमेकांकडं न बघता बसलो. मे उजाडला की पावसाळ्याच्या आधीचा समुद्र खवळायला लागतो, हे मालवणकडच्या कुठल्याही माणसानं सांगितलं असतं. आम्ही विचारलंच नाही. आम्ही कंबर तलावावर वाढलेली माणसं, आम्हाला लाट म्हणजे काय ते पिक्चरमध्येच माहीत.

त्यामुळं या वेळी माझी अट एकच होती. समुद्र पाहिजे पण लाट नको.

हे ऐकून मित्र म्हणाला, "मग टबच बरा आहे की बे." पण असा समुद्र खरंच असतो, आणि तो का असतो हे कळल्यावर मला एवढा आनंद झाला की मी संध्याकाळी स्वयंपाकघरात प्रयोगच मांडला. परात घेतली, मधोमध वाटी पालथी घातली, हा डोंगर, समुद्रातनं वर आलेला ज्वालामुखी. मग हिच्या भाकरीच्या पिठातला गोळा चोरून वाटीच्या भोवती कडं केलं, हे प्रवाळ. प्रवाळ म्हणजे बारीक बारीक जीव, उथळ पाण्यात उजेडाला धरून वाढतात, मेले की त्यांची चुन्याची घरं उरतात, त्यावर पुढचे. डोंगर हळूहळू खाली खचतो, लाखो वर्षं लागतात त्याला, पण प्रवाळ काही वर वाढायचं सोडत नाही. वाटी काढून घेतली, पाणी ओतलं. राहिलं फक्त कडं, आणि कड्याच्या आत शांत पाणी, यालाच लगून म्हणतात. बाहेरनं मी हातानं लाटा केल्या, त्या कड्यावरच फुटल्या, आत नुसती थरथर. हे डार्विननं १८४२ साली मांडलं होतं, आणि शंभरावर वर्षांनी पॅसिफिकमधल्या एका बेटावर हजार मीटरच्या वर खोल भोक पाडलं तेव्हा तळाला खरंच ज्वालामुखीचा खडक लागला. माणसानं घरात बसून काय काय ओळखावं. हिनं एवढंच विचारलं, की पीठ चाळून दिलंस का आता परत. ज्वारीचं होतं, पाण्यात विरघळून आमचा लगून पाच मिनिटांत पांढरा फटक झाला ते वेगळं.

तर लगून पाहिजे. मग सगळ्यात आधी मालदीव. कारण मालदीव म्हणजे कडीच कडी, बाराशेच्या आसपास बेटं, सगळा देश समुद्रातनं जेमतेम माणूसभर वर. सगळ्यात उंच जागासुद्धा काही मीटरचीच, आमच्या भुईकोट किल्ल्याच्या तटावर उभं राहिलो तर आम्ही त्या अख्ख्या देशापेक्षा उंच. भारतीयांना व्हिसा पोचल्यावर फुकट मिळतो. आणि ते फोटो! आता धंद्याची खोड अशी, की हॉटेलच्या फोटोत मला समुद्राच्या आधी टॉवेल दिसतो. पलंगावर दोन टॉवेलचे हंस, चोचीला चोच लावून, भोवती फुलांच्या पाकळ्या. तीस-चाळीस हॉटेलं बघितली असतील, हंस नाही असं एक नाही. माझं मत असं, की जिथं हंस फार सुबक तिथं टॉवेल पातळ, चांगल्या जाड टॉवेलची मान अशी वळतच नाही, तो बदकच होतो. पण हंस हा मुद्दा नाही. मुद्दा असा, की ते हंस दोघांसाठी केलेले असतात. पाण्यावर खांबांवर उभ्या केलेल्या खोल्या, खोलीतनं थेट समुद्रात उतरणारा जिना, कठडा नाही, आणि आमच्या बारक्याला दार उघडं दिसलं की तो विचार करायच्या आत बाहेर असतो. तिथं झोपायचं म्हणजे एकानं रात्रभर त्याचा पाय धरून बसायचं. बऱ्याच ठिकाणी तर लहान पोरांना त्या खोल्या देतच नाहीत, बरोबरच आहे त्यांचं. मग किनाऱ्यावरची खोली घ्यायची. आणि माले विमानतळावरनं पुढं स्पीडबोट नाहीतर सीप्लेन, त्याचे पैसे माणशी वेगळे, आणि सीप्लेन उजेडातच उडतं, तुमचं विमान संध्याकाळी उतरलं तर रात्र मालेतच काढा. जेवण रिसॉर्टवरच, बेटावर दुसरं काही नाहीच, म्हणजे बारक्यानं दोन घास वरणभात खाऊन ताट सरकवलं तरी बिल पूर्ण ताटाचं. स्वस्तातली पण सोय आहे, माफुशीसारख्या स्थानिक लोकांच्या बेटांवर गेस्ट हाऊसं आहेत, साधी, बरी. तिथपर्यंत माझी गाडी आली होती.

पण तिथं आईनं ब्रेक मारला.

आईला आम्ही आधी धरलंच नव्हतं, हे लिहायला लाज वाटते पण खरं आहे. आमच्या डोक्यात पोरांची ट्रिप होती. एका संध्याकाळी मी हिला स्पीडबोटीचा व्हिडिओ दाखवत होतो, लोक जेट्टीवरनं उड्या मारून बोटीत उतरतायत, आणि आई मागनं बघत उभी. म्हणाली, "एवढं उंच? माझे गुडघे बघितलेस का?" म्हणजे ती स्वतःला धरूनच चालली होती. आम्ही दोघंही गप्प. मग ही पटकन म्हणाली, त्याचंच बघतायत आई ते, तुमच्यासाठीच. बायको म्हणून तिचे असले दोन-चार प्रसंग मी जन्मभर लक्षात ठेवीन.

त्या रात्री यादी नव्यानं. आता हिशोब दोन गुडघ्यांचा. एक बारक्याचा, त्याच्यापर्यंतच पाणी पाहिजे, वर नको. दुसरा आईचा, त्याला पायऱ्या, उड्या, डगमगत्या फळ्या नकोत. सकाळी मी बारक्याला दाराच्या चौकटीला उभा केला आणि पेन्सिलनं खूण केली. माझी एक वीत आणि चार बोटं. एवढा समुद्र पाहिजे होता आम्हाला.

लक्षद्वीप या हिशोबात अर्ध्या तासात बाद झालं आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं. आपलाच देश, छत्तीस बेटं, त्यातल्या दहांवर माणसं राहतात, आणि लगून म्हणाल तर मालदीवचा सख्खा भाऊ, एकाच डोंगररांगेवरचे ते. २०२४ च्या जानेवारीत सगळ्या देशाला एकदम लक्षद्वीप आठवलं तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर पण रोज दहा फोटो येत होते, गेलं कुणीच नाही. कारण जायला परमिट लागतं, कोचीपर्यंत पोचायचं, तिथनं अगत्तीचं छोटं विमान नाहीतर जहाज. आणि जहाज बऱ्याच बेटांना थेट लागतच नाही, लगूनमध्ये तेवढी खोली नसते, म्हणून बाहेर समुद्रातच थांबतं आणि तिथनं माणसं छोट्या होडीत उतरवतात. म्हणजे ज्या उथळपणासाठी जायचं तोच आईच्या आड येतो. होडी वरखाली होतेय, खलाशी हात देतोय आणि आमची आई एका हातात पिशवी, पिशवीत शेंगाचटणी. नाही. नको.

मध्ये थायलंड, बाली, श्रीलंका सगळं येऊन गेलं. थोडक्यात सांगतो, कारण इथं एक गोष्ट मला फार उशिरा कळली की बेट कुठलं याच्या आधी शाळेला सुट्टी कधी हे विचारायचं असतं. आपली मोठी सुट्टी एप्रिल-मे. आणि मे म्हणजे त्या सगळ्या बाजूला पावसाळा दारात, अंदमानात तर मान्सून मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पोचतो, आपल्याकडं यायच्या कितीतरी आधी, फुकेतच्या किनाऱ्यावर लाल झेंडे लागायला लागतात, श्रीलंकेचा गाले-बेंटोटाचा किनारा खवळलेला, हां, त्याच वेळी श्रीलंकेची पूर्व बाजू शांत असते, पासिकुडाला म्हणे कितीही आत चालत गेलं तरी पाणी कमरेवर येत नाही, पण तिथपर्यंत कोलंबोवरनं अख्खा दिवस गाडीत बसायचं आणि बारक्या व गाडी यांचं नातं मी वर सांगितलंच आहे. बालीत मे चांगला, कोरडा, पण कुटाच्या लाटा सर्फिंगवाल्यांच्या, आमच्या नव्हेत.

मे महिन्यात खरं जावं असं एकच सापडलं, मॉरिशस. विषुववृत्ताच्या खाली, त्यामुळं आपल्या मेमध्ये त्यांचा हिवाळा सुरू होतो. आपण इथं पत्र्याखाली भाजतोय आणि तिथं पंचविसाच्या आसपास, रात्री पांघरायला लागतं! सोलापूरच्या माणसाला हे सांगितलं की त्याच्या डोळ्यात काय चमक येते. बेटाला जवळजवळ सगळीकडनं प्रवाळाचं कडं, आत लगून, भारतीयांना व्हिसाची कटकट नाही, मुंबईहून सरळ विमान, सहा तास, आणि उतरलं की बोटबीट काही नाही, गाडीत बसा, हॉटेलवर उतरा. दोन्ही गुडघे पास. वर पुन्हा आपली माणसं. १८३४ पासून तिथं ऊस तोडायला आपल्याकडचे मजूर करारावर नेले, त्यात कोकणातले, घाटावरचे मराठीही होते, त्यांचे वंशज अजून तिथं आहेत. गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते. आपल्याकडच्या जाखडीची तिथं झाकरी झाली आणि ती अजून नाचतात. मी आईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. आमचा जिल्हा म्हणजे उसाचा, साखर कारखान्यांचा, दिवाळी झाली की बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरभरून ऊसतोड कामगार येतात, कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, पडतात, पोरंबाळं फडातच. आई म्हणाली, "म्हणजे कोपी करायला एवढ्या लांब नेलं होय त्यांना." मॉरिशसवर इतकं वाचलं मी, पण एवढं नेमकं कुठं दिसलं नाही.

मग मॉरिशस का नाही? पैसे. सरळ आहे. दोन वर्षं पूर्ण झाली की विमानात पोराला स्वतःची सीट लागते आणि तिकीट मोठ्या माणसाच्या जवळपास जातं. म्हणजे आमची पाच तिकिटं. वर आईचा पासपोर्ट नाही, पोरांचे नाहीत. यार्नचे भाव मी इथं काढत नाही, पण मागं खटखट चालू असते तेव्हा माणसाला कळतं की कुठलं स्वप्न किती मीटरचं आहे. मॉरिशस ठेवलंय. बारक्या दहावी होईल तोवर ते बेट कुठं जात नाही.

आणि मग आईनंच सांगितलं. "अंदमानला का नाही नेत?"

खरं तर तिच्या मनात ते पहिल्यापासून होतं, तिला सेल्युलर जेल बघायचं होतं, सावरकरांची कोठडी. लहानपणी शाळेत ऐकलेलं, १९११ ते १९२१, दहा वर्षं, काळं पाणी. "चार हुतात्म्यांच्या गावची माणसं आपण," ती म्हणाली, "काशीला जाऊन आले, तिथं नको का जायला?" आता सोलापूरच्या माणसाला हा मुद्दा खोडता येत नाही, आमची पुण्याची गाडीसुद्धा हुतात्मा. मी फक्त म्हटलं, आई, ती कोठडी वरच्या मजल्यावर आहे, जिने चढायचे. ती म्हणाली, चढेन. स्पीडबोटीला नाही म्हणणारे गुडघे हेच.

मग मी अंदमान गुडघ्यानं मोजायला घेतलं. हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप, तिथला राधानगर बीच सगळे सांगतात, स्वच्छ किनाऱ्याला देतात तो ब्लू फ्लॅग मिळालेला, सुंदर आहेच, पण तिथं लाट असते, फोटोत दिसत नाही. त्याच्या शेजारचं नील, आता शहीद द्वीप, छोटं, सपाट, भाजीपाल्याचं बेट. तिथल्या गावांची नावं बघा, रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. पूर्व बंगालमधनं आलेली निर्वासित कुटुंबं तिथं वसवली. आईनं हे ऐकलं आणि म्हणाली, अन् शत्रुघ्न? तो इथंही राहिलाच बिचारा. त्यातला भरतपूरचा किनारा जेट्टीच्या जवळच, पुढं प्रवाळ, आत हिरवट शांत पाणी, लांबपर्यंत उथळ. एक वीत चार बोटं. मिळालं.

मिळालं पण फुकट नाही. तिथं ओहोटीला पाणी इतकं मागं जातं की उरतात फक्त दगडं आणि प्रवाळ, त्यावर अनवाणी पोरं सोडली की पाय कापलेच. म्हणून वेळ बघून जायचं. आणि इथं मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात हुशारीचा शोध लावला असं मला वाटतं, भिंतीवरचं कालनिर्णय. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, भरतीही मोठी आणि ओहोटीही. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही. कोकणातली माणसं तिथीवरनं भरतीची वेळसुद्धा सांगतात, तिथीची पाऊणपट करायची, तो हिशोब त्यांच्या किनाऱ्याचा, अंदमानला तो लावायचा नाही, पण चंद्र तर तोच आहे ना. मी फेब्रुवारीचं पान काढलं आणि अष्टमीला गोल केला. आई म्हणाली, मुहूर्त काढलास की. शाळेला चार-पाच दिवस दांडी पडेल. पहिलीत आहे पोरगी, पहिलीत अष्टमी सुटली तर वाईट, शाळा सुटली तर चालतं.

बाकी सगळं आलंच बारीकसारीक. घड्याळ आपलंच पण सूर्य तिथं सोलापूरपेक्षा तासभर आधी मावळतो, डिसेंबरात तर पाचच्या सुमाराला, त्यामुळं "दुपारची झोप काढून मग बीचवर" असं करायचं नाही, सकाळीच जायचं. खाड्यांमध्ये खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात, पाटी लावलेली असेल तिथं पाण्यात पाय घालायचा नाही. वाळूत बारीक माश्या चावतात, म्हणून पोरांना वाळूत लोळवायचं नाही, चादर टाकायची, आणि चादर म्हटल्यावर सोलापूरच्या माणसाला काय शिकवायचं. शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे पिशवीत भरून आणायचे नाहीत, चालत नाही ते, चिऊला हे आत्तापासून सांगतोय तरी ती एक रिकामा डबा बाजूला काढून बसलीय. पोर्ट ब्लेअरचं नाव आता श्री विजयपुरम झालंय. मुंबई-चेन्नईची लाइन आमच्या दारावरनंच जाते, म्हणजे रात्री इथं बसायचं आणि चेन्नईला उतरून विमान, घाट नाही, ओकाऱ्या नाहीत निदान तिथपर्यंत. पुढच्या बोटीचं डॉक्टरांना विचारून ठेवलंय. मी नीलवरच्या गेस्ट हाऊसला फोन केला, तिकडनं बंगाली वळणाची हिंदी, विचारलं की जेट्टीवर उतरायला फळी आहे का उडी, तो म्हणाला भरतीप्रमाणं, हात देणारे असतात. मग म्हणाला, साहब, यहाँ मीठा पानी कम है, बालटी से नहाइए, टंकी जल्दी खाली होती है. मी हसायलाच लागलो. म्हटलं, भाऊ, त्याची काळजी तू करू नकोस. टॉवेल आम्ही घरचे आणतोय तेही सांगून टाकलं.

परवा पाणी आलं. पहाटे साडेचारला. सगळं भरून झालं, टब भरला, आणि मी आत चहा घेईपर्यंत चिऊनं खड्या मिठाची अख्खी बरणी टबात ओतली होती. समुद्राची प्रॅक्टिस. बारक्याला डोळ्यात खारं पाणी गेल्यावर कसं लागतं ते शिकवत होती. मी भडकलो, साहजिक आहे, पाच दिवसांचं पाणी, आता ते झाडांना पण घालता यायचं नाही, गाडी धुवायचं तर नावच नको. एक धपाटा बसायच्या बेतात होता. तेवढ्यात आई आतनं प्लास्टिकची खुर्ची ओढत आली, टबाशी मांडली, हिच्याकडनं गरम पाण्याचं पातेलं मागवून त्यात ओतलं, साडी पोटरीपर्यंत वर धरली आणि दोन्ही पाय आत सोडून बसली. म्हणाली, मिठाच्या पाण्यानं ठणका जातो, कशाला ओरडतोस. बारक्या तिच्या मांडीला धरून टबात उभा होता. पाणी त्याच्या गुडघ्याला टेकलं होतं, थोडं खालीच.